खटक्यापाशी तीन मिनिटं

"शाल तुम्हीच घालायची, इंदुताई. नक्को म्हणू नका," केशवराव फोनवर म्हणाले. "हेमंतनं चार जीव वाचवले. त्यातला एक माझा आहे."

"आणि एक घेतला," इंदुताई म्हणाल्या.

पलीकडे केशवराव खाकरले.

"हौ, ते आहेच. पण एकीकडे चार, एकीकडे एक. माणसानं काय करावं, तुम्हीच सांगा. असो. पाच वाजता गच्चीवर. साडी जरा चांगली नेसा."

इंदुताईंनी फोन आपटला. कुठली साडी नेसायची हे त्यांना सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. चौतीस वर्षं हैदराबादच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. विद्यानगरच्या श्रीनिलयम अपार्टमेंटमध्ये चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गुडघे कुरकुरत होते, जीभ मात्र ठणठणीत होती.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात रेणू. दोन आठवड्यांपूर्वी गेलेल्या विक्रमची बायको. दुसऱ्या मजल्यावरून जिना चढून आली होती. त्या दिवसापासून तिनं लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं.

"शाल तुम्ही घालणार म्हणे."

"तसं केशवरावांचं म्हणणं आहे. आत ये आधी."

"नको. एकच विचारायचंय. तुम्ही विज्ञान शिकवायच्या ना? मग खरं सांगा. विक्रमला मारल्याशिवाय ते चौघं वाचलेच नसते का? नसते, तर मी गप्प बसते. हेमंतभावजींच्या पाया पडते. पण वाचणार असले, तर..."

इंदुताईंनी हात धरून तिला आत ओढलं आणि खुर्चीवर बसवलं.

झालं होतं ते अख्ख्या इमारतीला पाठ होतं. त्या शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मागचा नाला फुटला आणि पाणी सेलारमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये घुसलं. हेमंत सोसायटीचा सेक्रेटरी. तो धावत तळमजल्यावर आला आणि नियमाप्रमाणे जिन्याखालचा मेन खटका, म्हणजे जनरेटरसकट अख्ख्या इमारतीचा करंट तोडणारा स्विच, पाडला. त्याच वेळी लिफ्ट खाली निघाली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. गाड्या वर काढायला म्हणून चौघं तिच्यात होते: हेमंतचीच बायको मीना, म्हातारे केशवराव, सायली आणि सायलीची चार वर्षांची मुलगी. करंट गेला आणि लिफ्ट सेलारच्या फरशीच्या दीड फूट वर अडकली. त्यामुळे बाहेरची लोखंडी जाळी उघडेना, आणि पाणी चढायला लागलं.

विक्रम पहार घेऊन सेलारमध्ये उतरला. छातीभर पाण्यात उभा राहून जाळी उचकटू लागला. आणि हेमंतनं खटका परत वर केला. लिफ्ट वर गेली, चौघं सुटले. पाण्याखाली गेलेल्या पंपाच्या मोटरमधून करंट पाण्यात उतरला आणि विक्रम जागच्या जागी गेला.

हेमंतनं काहीही लपवलं नाही. पोलिसांना लिहून दिलं, "विक्रम पाण्यात आहे हे मला माहीत होतं. करंटनं तो मरेल हेही माहीत होतं. पण चौघं बुडत होते. दुसरा मार्ग नव्हता." जबाब वाचणाऱ्यांचे डोळे भरून आले. पोटच्या पोराला मारल्यासारखं दुःख झालं असेल बिचाऱ्याला, असं जो तो म्हणायला लागला. शाल तिथूनच निघाली.

त्या दुपारी इंदुताई कोठीच्या बाजारात चष्मा आणायला गेल्या होत्या. पाण्यामुळे हिमायतनगरला अडकल्या आणि घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याचा त्यांना अजून स्वतःवरच राग होता.

"आणखी एक सांगू?" रेणू म्हणाली. "मला मीनाचा हेवा वाटतो. अजूनही वाटतो, लाज नाही मला. गणपतीत ती गाणार, हे पेटी वाजवणार. महिनाभर तिच्या घरी तालमी. त्या दुपारी मी मिरची भजी तळत होते. खालून आरडाओरडा ऐकू आला आणि हे ताट सोडून उठले. मी म्हटलं, जा, तुमची मीना अडकली असेल. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं हे, इंदुताई."

इंदुताईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते.

"पाचपर्यंत पुष्कळ वेळ आहे," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

*

इन्स्पेक्टर शिवराज अर्ध्या तासात हजर झाला. केस त्याच्याकडेच होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो इंदुताईंचा विद्यार्थी होता.

"बाई, फाइल बंद करायच्या बेतात आहे," तो म्हणाला. "माणसानं सगळं कबूल केलंय. निरुपाय होता. एकासाठी चौघांना मरू द्यायचं का?"

"शिवराज, नववीत तू उत्तर आधी लिहायचास आणि मागून गणित जुळवायचास. अजून तेच करतोयस. निरुपाय होता हे कुणी तपासलं?"

"म्हणजे?"

"कुणीच नाही. चल."

त्या लिफ्टमध्ये शिरल्या. फरशी धुतली होती, पण भिंतींवर गाळाची रेघ तशीच होती. इंदुताईंनी पर्समधून टेप काढला.

"दोन फूट चार इंच. हेमंतनं जबाबात किती सांगितलंय?"

"गळ्यापर्यंत." शिवराज चपापला. "मुलीच्या गळ्यापर्यंत असेल, बाई."

"मुलगी केशवरावांच्या खांद्यावर बसली होती. ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, दिवसातून चारदा. मोठ्यांच्या मांडीपर्यंत पाणी होतं. बरं, सेलारमध्ये पाणी सगळ्यात वर कुठवर गेलं?"

"भिंतीवर पाच फुटांची खूण आहे. लिफ्ट दीड फूट वर होती, म्हणजे नंतर आणखी फूटभर चढलं. त्याला अर्धा तास लागला."

"म्हणजे त्या घडीला कुणी बुडत नव्हतं," इंदुताई म्हणाल्या. "घाबरलेले होते. घाबरणं वेगळं आणि बुडणं वेगळं."

"वरून कळतं थोडंच, बाई? अंधार, ओरडा..."

"बरोबर आहे. म्हणून मी अजून काही म्हणत नाही."

वॉचमन अंबाजी गेटपाशी स्टुलावर बसला होता. उदगीरकडचा, तीस वर्षं हैदराबादेत. बाईंना बघून उठून उभा राहिला.

"अंबाजी, त्या दिवशी तू कुठं होतास?"

"हितंच, अम्मा. पाणी येऊ नाही म्हणून रेतीची पोती लावत होतो."

"इथून खटका दिसतो?"

"समोरच हाय की."

"हेमंतसाहेब तिथं आले, पुढे काय झालं? एकेक सांग."

"पहिल्यांदा खटका पाडले. मग खालून ओरडा आला. विक्रमसाब पहार घेऊन खाली पळाले. हेमंतसाहेब सेलारच्या जिन्यात वाकून त्यांना कायतरी बोलले. ते मला नाही ऐकू आलं. मग वरचा जिना चढले, चारपाच पायऱ्या. तिथं थांबले. मग उतरून आले आणि खटक्याची दांडी धरले."

"आणि लगेच वर केली?"

"न्हाई. लई येळ तसेच उभे. मान खाली सेलारकडं. म्या तीन पोती लावलो तवर हात दांडीवरच. बहुत परेशान दिसत होते."

"एका पोत्याला किती वेळ?"

"मिनिट पकडा."

"त्या तीन मिनिटांत विक्रमला ओरडून सांगितलं का, बाहेर ये म्हणून?"

अंबाजीनं आठवून बघितलं. "नाही, अम्मा. शब्द नाही काढला."

शिवराज हळूच म्हणाला, "धर्मसंकट, बाई. माणूस तीन मिनिटं जळला असेल आतल्या आत."

"जळला असेलच," इंदुताई म्हणाल्या. "कशानं, ते बघायचंय."

*

हेमंतच्या घरी चकाचक आवरलेलं होतं. कोपऱ्यात कापडाखाली पेटी होती. मीना खिडकीशी बसली होती. तिचा आवाज म्हणजे मंडळाचा अभिमान. गेले दोन आठवडे तो कुणी ऐकला नव्हता.

हेमंतनं खुर्च्या पुढे केल्या. पुण्याचा, पण पंधरा वर्षं याच इमारतीत. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बोलणं मऊ.

"मला हे शालबिल नकोय, इंदुताई. मी केशवरावांना सांगितलं."

"ते ऐकतात होय कुणाचं? मला एवढंच सांग, विक्रमला तू बाहेर का नाही बोलावलंस?"

"बोलावलं. तो ऐकेना. पाण्याचा आवाज फार होता. तो जाळीशी झटत होता, त्याचं लक्षच नव्हतं."

"शेवटपर्यंत झटत होता?"

"शेवटपर्यंत. पहार हातात होती त्याच्या."

"मित्र होता ना तुझा?"

"मीनाचा जास्त." तो हसला. "एकोणतीस दिवसांत बावीस तालमी. सात वाजता यायचा, साडेनऊला जायचा. एकदा तर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती."

मीनानं मान वर केली. बावीस हा आकडा रेणूलासुद्धा ठाऊक नव्हता, आणि तिनं तर हेव्याची कबुलीच दिली होती.

"मीना," इंदुताईंनी विचारलं, "शेवटी विक्रम तुमच्याशी काही बोलला?"

"हो. जाळी वीतभर उघडली होती त्यांनी. मग परत ओढून लावून घेतली. म्हणाले, हात आत घ्या, आता वर जाल. म्हणाले की..."

"मीना, औषधाची वेळ झाली," हेमंत उठला. "ती अजून धक्क्यात आहे, इंदुताई. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"हो का? मग राहू दे," इंदुताई म्हणाल्या आणि निघाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी शिवराजला तळमजल्यावर नेलं, त्याच्या हातात घड्याळ दिलं आणि स्वतः जिना चढायला लागल्या. रेलिंगला धरून, गुडघ्यांना शिव्या घालत, चौथ्या मजल्यापर्यंत. शिवराज घड्याळ बघत मागोमाग.

"किती?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद, बाई."

"सहासष्टाव्या वर्षी, हे गुडघे घेऊन. हेमंत रोज सकाळी पळायला जातो."

"पण वर येऊन त्यानं करायचं काय?"

इंदुताईंनी आपल्या दाराबाहेरचं चपलांचं कपाट उघडलं. आत खिळ्याला एक जाड किल्ली लटकत होती. तिच्यावर हळदीकुंकवाचा सुकलेला ठिपका होता, अख्खा, न पुसलेला.

"लिफ्टच्या खोलीची किल्ली. पहिल्यापासून इथंच असते, कुणालाही घेता यावी म्हणून. हा ठिपका गेल्या खंडेनवमीचा. म्हणजे तेव्हापासून हिला कुणी हात लावलेला नाही."

गच्चीवरच्या त्या बारक्या खोलीत मोटर होती, आणि मोटरला जोडलेलं लोखंडी चाक. चाकावरही कुंकू होतं, नारळाच्या पाण्याचे डाग होते.

"पंधरा वर्षांपूर्वी करंट दिवसातून चारदा जायचा," इंदुताई म्हणाल्या. "लिफ्ट मधेच अडकायची. मग कुणीतरी किल्ली घेऊन इथं यायचं, ही पट्टी दाबून ब्रेक सोडायचा आणि चाक फिरवायचं. दहा वर्षांपूर्वी जनरेटर आला आणि लोक विसरले. नंतर राहायला आलेल्यांना तर माहीतच नाही."

"हेमंतही विसरला असेल."

"खंडेनवमीला सगळी यंत्रं पुजतात. आपल्याकडे दरवर्षी या चाकाला कुंकू कोण लावतं? सेक्रेटरी. नारळ कोण फोडतं? तोच. आणि त्या जुन्या दिवसांत हे चाक सगळ्यात जास्त वेळा कुणी फिरवलं असेल? तरुण होता, हौशी होता. केशवरावांना विचार."

शिवराजनं चाकाकडे बघितलं. "पण वरून चौघांना ओढायचं म्हणजे ताकद..."

"तिथंच तर तू नापास व्हायचास. लिफ्टच्या दोराला दुसऱ्या बाजूनं वजन लटकावलेलं असतं. तराजूच आहे तो. लिफ्ट आठ माणसांची. आत तीन मोठे आणि एक पोर. म्हणजे वजनाची बाजू जड. ब्रेक सोडला की लिफ्ट आपण होऊन वर सरकते, हाताला कष्ट नाहीत. खोटं वाटतं? आत्ता करून बघू."

मेन खटका पाडला. लिफ्ट तळमजल्यावर होती. आत इंदुताई, अंबाजी आणि वजन तेवढंच भरावं म्हणून तांदळाची तीन पोती. वर शिवराजनं पट्टी दाबली. लिफ्ट कुरकुरली, आणि करंट नसताना हळूहळू वर निघाली. मिनिटाभरात पहिल्या मजल्याच्या जाळीतून उजेड आला.

"बजरंगबली की," अंबाजी पुटपुटला.

शिवराज खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "म्हणजे विक्रमला मरायची गरजच नव्हती. पण बाई, कोर्टात तो म्हणेल, गडबडीत आठवलं नाही. त्याला आठवलं होतं, हे कसं सिद्ध करणार?"

"ते विक्रमनंच सिद्ध करून ठेवलंय," इंदुताई म्हणाल्या. "पाचला गच्चीवर ये. मागं बस. आणि साध्या कपड्यांत ये."

*

गच्चीवर खुर्च्या भरल्या होत्या. केशवरावांनी भाषण केलं, रडले, आणि शाल इंदुताईंच्या हाती दिली. हेमंत समोर हात जोडून उभा होता. पहिल्या रांगेत मीना. शेवटच्या रांगेत, जिन्याच्या दाराशी, रेणू.

"शाल घालण्याआधी दोन प्रश्न," इंदुताई म्हणाल्या. "केशवराव, या लिफ्टवरून आपण सगळे रोज काय ओरडतो?"

"काय ओरडतो?" केशवराव गोंधळले. "दार लावा म्हणून ओरडतो. कुणीतरी जाळी नीट लावत नाही, मग लिफ्ट हलत नाही."

"जाळी थोडीशी उघडी राहिली तर?"

"बोटभर उघडी असली तरी हलत नाही. हौ, रोजची कटकट आहे ती."

"हेमंत, तू म्हणालास, विक्रम शेवटपर्यंत पहारीनं जाळी उचकटत होता. जाळी वीतभर उघडली होती. मग तू खटका वर केल्यावर लिफ्ट हलली कशी?"

हेमंतचे जोडलेले हात खाली आले.

"लागली असेल परत, आपोआप," तो म्हणाला.

"आपोआप नाही. विक्रमनं ओढून लावली. मीनानं सकाळी मला सांगितलं. आता मला सांगा, जो माणूस जीव तोडून दार उघडतोय, तो ते स्वतःच्या हातानं परत का लावेल? एकाच कारणानं. लिफ्ट आता हलणार आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून. त्यानं चौघांना सांगितलं, हात आत घ्या, आता वर जाल. करंट तर नव्हता. विक्रम स्वतः छातीभर पाण्यात उभा होता. करंट येणार म्हणून कुणी सांगितलं असतं तर तो तिथं थांबला असता का? म्हणजे करंटशिवाय लिफ्ट वर जाणार, असं त्याला कळलं होतं. चाकानं. आणि त्या चाकाची गोष्ट दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या विक्रमला कुठून माहीत असणार?"

इंदुताई हेमंतकडे वळल्या.

"अंबाजीनं पाहिलंय. तू सेलारच्या जिन्यात वाकून त्याच्याशी बोललास. मग वरचा जिना चढायला लागलास. माझ्या दाराबाहेरची किल्ली घ्यायला निघाला होतास, हेमंत. तोवर तू भला माणूस होतास. पाचव्या पायरीवर थांबलास. उतरलास. खटक्यापाशी तीन मिनिटं उभा राहिलास. तेवढ्यात मीसुद्धा वर पोचते, मोजून बघितलंय. आपण सगळे म्हणालो, एक की चार, या विचारात बिचारा अडकला. एक की चार हा प्रश्न तिथं नव्हताच. पाचही जण वाचत होते. तुला फक्त जिना चढायचा होता. उलट करंट सोडून तू पाचही जण पणाला लावलेस. केशवराव, लिफ्टमध्ये पायांना काही जाणवलं होतं?"

"मुंग्या आल्या होत्या," केशवराव म्हणाले. "मला वाटलं, भीतीनं."

"दैव बलवत्तर म्हणून वाचलात. यानं वाचवलं नाही."

"हे सगळं अंदाज आहेत," हेमंत म्हणाला. "इंदुताई, मी घाबरलो होतो. माझी बायको आत होती."

"हो ना. बायको आत होती आणि तिला सोडवणारा तो होता. बावीस तालमी मोजल्यास तू, येण्याजाण्याची मिनिटं मोजलीस. इतकी वर्षं वर्गात पोरं बघितली मी. दुसऱ्याच्या पेपरातले मार्क कोण मोजतं ते मला कळतं. पाचव्या पायरीवर तुला काय ऐकू आलं, हेमंत?"

इंदुताई थांबून राहिल्या. मास्तरणीचं थांबणं फार वाईट असतं.

"विक्रम, जाऊ नका," हेमंत एकदम म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "असं म्हणाली ती. विक्रम, इथंच थांबा. मी वरून ऐकलं. सोळा वर्षं झाली लग्नाला. मरणाच्या दारात उभी आहे आणि हाक कुणाला मारते? एकदाही माझं नाव नाही. एकदाही नाही! मी चार मजले चढणार, घाम गाळून चाक फिरवणार, आणि ती वर येऊन सांगणार, विक्रमनं धीर दिला म्हणून जगले. जन्मभर ऐकायचं मी ते? त्याच्या उपकारातली बायको मला नको होती."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं. त्यानं गच्चीभर नजर फिरवली. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. फक्त मीना बघत होती.

ती उठली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला.

"सकाळी तू मला बोलू दिलं नाहीस," ती म्हणाली. "विक्रम म्हणाले, हात आत घ्या, आता वर जाल. म्हणाले, हेमंतराव वर गेलेत, चाक फिरवून तेच काढतील तुम्हाला, काळजी करू नका. मी जाळीला लागून उभी होते, पाण्याच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं. सायलीची पोरगी रडायला लागली, म्हणून मी म्हटलं, विक्रम, जाऊ नका, इथंच थांबा. आणि तुला हाक का मारली नाही म्हणून विचारतोस? तू वर होतास, हेमंत. मला सोडवायला वर गेला होतास. जो आपल्याला वाचवायला धावलाय, त्याला कशाला हाक मारायची? मी निर्धास्त होते रे. तू आहेस म्हणून निर्धास्त होते."

हेमंत खुर्चीचा आधार घ्यायला वळला. खुर्ची कलंडली, आणि तो तिच्या शेजारी खालीच बसला.

"लिफ्ट वर आली आणि विक्रम गेल्याचं कळलं," मीना म्हणाली, "तेव्हाच मला विचारायला हवं होतं, की तू वर गेला होतास तर खटका कुणी वर केला. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. त्याचीच भीती वाटली मला. इन्स्पेक्टरसाहेब, हे मी लिहून द्यायला तयार आहे."

शिवराज मागून पुढे आला. त्यानं हेमंतच्या दंडाला धरून त्याला उठवलं. दोघं जिन्यानं खाली गेले. लिफ्ट वापरू या असं कुणी म्हणालं नाही.

लोक एकेक करून पांगले. केशवराव जाता जाता इंदुताईंसमोर थांबले आणि नुसतेच हात जोडून गेले. शाल इंदुताईंच्या हातातच राहिली होती.

रेणू अजून दाराशी उभी होती. इंदुताई तिच्याजवळ आल्या.

"सकाळी विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "वाचले असते. चौघंही, आणि विक्रमही."

रेणूनं मान हलवली. ती रडली नाही. ती मीनाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात जुना हेवा अजून होता, इंदुताईंना तो स्पष्ट दिसला.

"तुझ्यापाशी शेवटी होते ते," रेणू मीनाला म्हणाली. "मी नव्हते. आणखी काय बोलले? सांग, नाहीतर मला वेड लागेल."

"माझ्याशी फार नाही," मीना म्हणाली. "पोरगी थांबत नव्हती रडायची. तिला म्हणाले, वर गेलीस ना, की दुसऱ्या मजल्यावर जायचं. रेणूमावशीनं मिरची भजी केलीत. माझं ताट तिथंच वाढलेलं आहे. मी येईपर्यंत तू खायला सुरुवात कर, पण सगळी संपवू नको."

रेणू पायरीवर बसली. तोंडाला पदर लावला आणि आता मोठ्यानं रडली. मीना जरा वेळ नुसती उभी राहिली. मग तीही त्याच पायरीवर, थोडं अंतर ठेवून बसली.

इंदुताईंनी शालीची घडी केली, खाली जाऊन कपाटातल्या खिळ्यावरची किल्ली आणली आणि लिफ्टच्या खोलीचं दार लावायला गेल्या. चाकाला दुपारी शिवराजचा हात लागून अर्धं कुंकू पुसलं गेलं होतं. हेमंतनं लावलेलं त्यातलं जे राहिलं होतं, ते त्यांनी शालीनं पुसून टाकलं.